१७ अक्षरांच्या आडनावाचं माहेर

उत्तर इंग्लंडमधल्या हॉल्टव्हिसल स्टेशनावर उतरणारे बहुतेक प्रवासी हेड्रियनची रोमन भिंत बघायला उत्तरेकडे वळतात. मी निघालो दक्षिणेला, साउथ टाइन नदीच्या अंगाने, एका आडनावाचं मूळ ठिकाण बघायला. इंग्रजीत लिहायचं तर १७ अक्षरं (Featherstonehaugh), उच्चारायचं मात्र ‘फॅन्शॉ’! ‘फेदरस्टनहॉ’ असं सगळं म्हणणारेही आहेत. घराण्यागणिक रीत वेगळी.

वाट ऑल्स्टनच्या जुन्या रेल्वेमार्गाची. १९७६ साली ती गाडी बंद पडली. आता तिथून पायी फिरणारे आणि सायकलवाले जातात. मध्येच वाट सोडून खाली उतरलं की नदीच्या वळणावर सपाट कुरण लागतं आणि तिथेच फेदरस्टन किल्ला. नदीकाठच्या अशा सपाट जमिनीला या भागात ‘हॉ’ म्हणतात. ‘फेदर’चा पिसाशी काही संबंध नाही. जाणकार तो शब्द जुन्या इंग्रजीतल्या ‘चार’शी जोडतात: चार दगड, बहुधा तीन उभे आणि वर एक आडवा. म्हणजे आपल्या ‘कर’वाल्या आडनावांसारखंच हेही जागेवरून पडलेलं, फक्त ‘कर’ लावायचे कष्ट कोणी घेतले नाहीत.

हा स्कॉटलंडच्या सीमेचा मुलूख, घराण्याघराण्यांत पिढीजात वैर असलेला. १५३० मध्ये शेजारच्या रिडली मंडळींनी या घराण्यातला एकजण ठार मारला. त्यावरचा पोवाडा स्कॉटिश कवी वॉल्टर स्कॉटने अस्सल जुना समजून १८०८ च्या ‘मार्मियन’ काव्यात घेतला. तो रचला होता त्याच्याच ओळखीच्या रॉबर्ट सर्टीज या इतिहासकाराने! स्कॉटला शेवटपर्यंत पत्ता लागला नाही. मला तर खुनापेक्षा हीच गोष्ट जास्त आवडली.

आडनाव इथून दूरदूर गेलं. जॉर्ज फेदरस्टनहॉ अमेरिकेत भूगर्भशास्त्रज्ञ म्हणून नावाजला, पुढे फ्रान्समधल्या ल हाव्र बंदरात ब्रिटिश कॉन्सल (वाणिज्यदूत) झाला. १८४८ च्या क्रांतीत राजा लुई फिलिप पळाला, तेव्हा यानेच त्याला आपला काका ‘मिस्टर स्मिथ’ म्हणून बोटीवर चढवलं. एवढ्या लांबलचक आडनावाच्या माणसाला ऐन वेळी सुचलं ते स्मिथ!

दक्षिण इंग्लंडमधल्या ससेक्सच्या अपपार्क हवेलीचे मालक, याच आडनावाच्या सर हॅरींनी तर १८२५ मध्ये, सत्तरी गाठल्यावर, आपल्या डेअरीत काम करणाऱ्या तरुण मुलीशी लग्न केलं. मूलबाळ नाही. हवेली पुढे तिच्या बहिणीकडे गेली आणि तिने आडनावही घेतलं. तिच्यानंतरच्या वारसांनीही तेच केलं. रक्ताचं नातं नाही, पण इस्टेटीबरोबर आडनाव चालत राहिलं.

किल्ला खासगी आहे, त्यामुळे तो बाहेरूनच बघायचा. नदीकाठच्या कुरणात दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन युद्धकैद्यांच्या छावणीच्या खुणा आहेत, त्या चुकवू नका. पायांत बळ असेल तर पुढे लॅम्ब्लीचा १८५२ चा दगडी रेल्वेपूलही गाठा. परतीच्या गाडीची वेळ आधी बघून ठेवलेली बरी.