दोन फेऱ्यांमधले एक मिनिट: २४ आठवड्यांची नोंद

गेल्या शनिवारी बॉक्सिंगच्या बॅगवर ३ मिनिटांच्या ६ फेऱ्या पूर्ण झाल्या आणि शेवटची घंटा वाजली तेव्हाही दोन्ही हात हनुवटीशीच होते. ही नोंद करताना वहीची मागची पाने चाळली, तर पहिल्या आठवड्याच्या पानावर एकच ओळ सापडली: "२ मिनिटांच्या ३ फेऱ्या ठरल्या होत्या, दुसरी अर्ध्यावर सोडली." या दोन पानांच्या मध्ये काय घडले, कुठे चुकले आणि प्रगती मोजायला कोणता आकडा खरोखर उपयोगी पडला, हे सविस्तर मांडत आहे, कारण सुरुवातीचे कित्येक आठवडे मी भलतेच आकडे मोजत बसले होते.

सुरुवातीला माझे वय ४४, वजन ७१ किलो आणि सकाळी उठल्याबरोबर मोजलेली नाडी मिनिटाला ८२ होती. रिंगमध्ये उतरून लढत खेळण्याचा विचार तेव्हा नव्हता आणि आजही नाही. ट्रेडमिलवर घड्याळाकडे बघत चालण्याचा वीट आला होता. काहीतरी शिकता शिकता दम लागावा, एवढीच अपेक्षा होती. डॉक्टरांकडून रक्तदाब आणि हृदयाची तपासणी करून घेतली, आठवड्यातून ३ दिवस ठरवले आणि तेवढेच ठेवले. मधला दिवस विश्रांतीचा का असतो, हे एकदा हौसेने सलग चौथ्या दिवशी गेले तेव्हा पोटऱ्यांनी नीट समजावून सांगितले.

३ मिनिटे खेळ आणि १ मिनिट विश्रांती ही फेरीची आखणी १८६७ साली प्रसिद्ध झालेल्या, बॉक्सिंगच्या क्वीन्सबेरी नियमांतून आलेली आहे. त्याआधीच्या उघड्या मुठींच्या लढतींत कोणीतरी खाली पडले की फेरी संपत असे. महिलांच्या व्यावसायिक लढतींत आजही फेरी बहुधा २ मिनिटांचीच असते, त्यामुळे २ मिनिटांपासून आरंभ करताना मला संकोच वाटला नाही. तेराव्या आठवड्यात मी ३ मिनिटांवर गेले. हा बदल दीडपट कष्टांचा असेल असा माझा हिशेब होता, पण तिसऱ्या मिनिटाने तो पार चुकवला, कारण हात खाली येतात ते नेमके त्या मिनिटात. माझे ग्लोव्हज १२ औंसांचे आहेत, म्हणजे एकेक जेमतेम ३४० ग्रॅमचा. पण अडीच मिनिटे उलटली की तो भरल्या तांब्यासारखा जड होतो.

पहिले ४ आठवडे प्रशिक्षकांनी बॅगला हात लावू दिला नाही. डावा पाय पुढे, उजवी टाच किंचित उचललेली, गुडघे सैल, हनुवटी खाली, एवढे करून पुढे-मागे आणि बाजूला सरकायचे, आणि सरकताना पाय एकमेकांजवळ येऊ द्यायचे नाहीत. त्याला जोड म्हणून आरशासमोर शॅडो बॉक्सिंग, म्हणजे हवेत ठोसे मारण्याचा सराव, आणि दोरीवरच्या उड्या. दोरीच्या मध्यावर पाय ठेवून दोन्ही टोके वर ओढली असता ती काखेपर्यंत यावीत, हे माप मला कोणी वेळेवर सांगितले असते, तर पहिले दोन आठवडे लांब दोरीत पाय अडकवून घेण्यात गेले नसते.

सातव्या आठवड्यात डावे मनगट मुरगळले. चूक सर्वस्वी माझी होती. त्या दिवशी उशीर झाला म्हणून हाताच्या पट्ट्या घाईत गुंडाळल्या, मनगटाचे वेढे सैल राहिले आणि हुक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारायचा ठोसा, मारताना मनगट आत दुमडले गेले. तेव्हापासून पट्टी बांधण्याचे काम मी बसून, घाई न करता करते. माझी पट्टी १८० इंचांची, म्हणजे सुमारे साडेचार मीटर आहे. फासा अंगठ्यात अडकवून पट्टी हाताच्या पाठीवरून मनगटाकडे नेते, तिथे ३ वेढे, मग मुठीच्या हाडांवरून ३ वेढे, त्यानंतर बोटांच्या बेचक्यांतून एकेक फेरा, अंगठ्याला एक आणि उरलेली सारी पट्टी पुन्हा मनगटावर. या सगळ्या वेळात बोटे पूर्ण फाकलेली ठेवावी लागतात. मिटलेल्या बोटांवर बांधलेली पट्टी मूठ वळताच आवळते आणि बोटे बधिर होतात. ठोसा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या हाडांवर बसला पाहिजे, कारण त्यांच्या मागे मनगट आणि कोपर सरळ रेषेत येतात. करंगळीच्या बाजूने मारणाऱ्याचे तळहातातले पाचवे हाड मोडू शकते, आणि त्या मोडीला 'बॉक्सर्स फ्रॅक्चर' असे नाव असले तरी ती शिकलेल्या मुष्टियोद्ध्यांपेक्षा रागाच्या भरात भिंतीवर मूठ आपटणाऱ्यांनाच अधिक होते.

मनगटामुळे १७ दिवस डाव्या हाताने काहीही मारता आले नाही. त्या काळात फक्त पावले आणि डोके बाजूला घेऊन ठोसा चुकवण्याचा सराव केला, आणि त्यातूनच या नोंदीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हाती लागली. ठोसे न मारताही मला जवळजवळ तेवढाच दम लागत होता! मग दमवत काय होते? उत्तर प्रशिक्षकांच्या एका वाक्यात मिळाले. आरशाजवळून जाता जाता ते म्हणाले, "अहो मॅडम, खांदे कानाला लावून कुठे निघालात?" आरशात पाहिले तर खरोखरच दोन्ही खांदे कानांच्या पाळ्यांपाशी पोचले होते, दात आवळलेले होते आणि श्वास रोखून धरलेला होता. म्हणजे फेरीची पूर्ण २ मिनिटे मी अख्खे शरीर आवळून उभी राहत होते आणि त्यातली फार थोडी ताकद ठोशात जात होती.

त्यानंतर मोजमाप बदलले. मिनिटाला किती ठोसे मारले हे मोजणे सोडून दिले आणि छातीला बांधायच्या नाडीमापक पट्ट्यावर दोनच आकडे पाहू लागले: घंटा वाजताक्षणी नाडी किती आणि मिनिटभराच्या विश्रांतीनंतर किती. नवव्या आठवड्यात तिसऱ्या फेरीअखेर १६८ आणि मिनिटानंतर १५१, म्हणजे उतार १७ चा. चौदाव्या आठवड्यात १६९ वरून १४४. चोविसाव्या आठवड्यात १६६ वरून १३१, म्हणजे उतार ३५ चा, आणि तोही ३ मिनिटांच्या फेरीनंतर. वरचा आकडा फारसा हललेला नाही. मी आजही जवळजवळ तितकीच दमते, पण सावरते दुपटीने. २२० वजा वय हे ढोबळ सूत्र धरले तर माझी कमाल नाडी १७६ येते. ते सूत्र माणसागणिक बरेच मागेपुढे होते, म्हणून त्यावर मी काही बेतत नाही. सुधारणा कशाने झाली, हे सांगायचे तर प्रत्येक ठोशाबरोबर दातांतून आखूड 'स्स' असा श्वास सोडणे, मूठ फक्त लागण्याच्या क्षणी घट्ट करणे, आणि विश्रांतीच्या मिनिटात न बसता सावकाश चालत नाकाने श्वास घेणे, या तिन्हींचा वाटा आहे. इतक्या आठवड्यांच्या नियमित सरावाने हृदयाची क्षमता वाढली, हा भाग तर उघडच आहे.

वजनाची नोंद थोडक्यात आटोपते: ७१ वरून ६८.५ किलो, कंबर ६ सेंटिमीटरने कमी, सकाळची नाडी ६९. मनगटावरचे घड्याळ तासाभराला ८०० कॅलरी दाखवत असे, तो आकडा मी मनावर घेणे बंद केले आहे. शारीरिक हालचालींच्या ऊर्जाखर्चाचे जे तक्ते संशोधक वापरतात, त्यांच्या २०११ च्या आवृत्तीत बॅगवर ठोसे मारण्याला ५.५ मेट, म्हणजे स्वस्थ बसलेल्या शरीराच्या ऊर्जाखर्चाच्या साडेपाच पट, एवढे मूल्य दिलेले आहे. माझ्या सुरुवातीच्या वजनाला अर्ध्या तासाचे त्यानुसार सुमारे १९५ किलोकॅलरी होतात. त्यात विश्रांती, पट्ट्या बांधणे आणि गप्पा धरल्या तर तासाचे ८०० हे स्वप्नच म्हणायचे.

तंत्रात सर्वांत जास्त वेळ डाव्या हुकने खाल्ला. हाताने मारायचा ठोसा म्हणून मी तो शिकू पाहत होते, आणि तो मुळात पायाचा ठोसा आहे. पुढचा पाय चवड्यावर वळतो, त्याबरोबर कंबर, कमरेबरोबर खांदा, आणि कोपरात काटकोनात वळलेला हात केवळ त्या फिरणाऱ्या दाराला लावलेल्या कडीसारखा मागोमाग येतो. ८ मार्च १९७१ च्या लढतीत पंधराव्या फेरीत मुष्टियोद्धा जो फ्रेझरने मुहम्मद अलींना ज्या डाव्या हुकने खाली पाडले, तो मी संथ गतीने अनेकदा पाहिला. पाहायचे ते मुठीकडे नाही, तर त्याआधी खाली जाऊन वर येणाऱ्या अंगाकडे. माझ्या हुकमध्ये त्याचा शतांशही नाही. मात्र एकविसाव्या आठवड्यात बॅगचा आवाज प्रथमच बदलला. आधी फटका बसल्यासारखा 'फट्' आवाज यायचा आणि बॅग लांब झोके घ्यायची; आता आवाज खोल येतो आणि बॅग जागच्या जागी दुमडते. ढकलणे आणि मारणे यांतला फरक मला कानाने कळला.

स्पारिंगबद्दल, म्हणजे जोडीदाराशी सरावाच्या लढतीबद्दल, अनेक जण विचारतात. डोक्यावर ठोसे घ्यायचे नाहीत, हा माझा निर्णय पक्का आहे. तंदुरुस्तीसाठी आलेल्या माणसाला मेंदूवर आघात घेण्याची काहीच गरज नाही आणि हेडगार्ड घातल्याने डोके हादरण्याचे थांबत नाही. प्रशिक्षक पॅड घेऊन समोर उभे राहतात, अधूनमधून पॅडने हलकेच खांद्याला किंवा कपाळाला स्पर्श करतात आणि मी तो चुकवते किंवा चुकवत नाही. अंतराचा अंदाज येण्यास माझ्यापुरते तेवढे पुरते.

अपरकट, म्हणजे खालून वर मारायचा ठोसा, अजून बेढब आहे, त्याविषयी काही लिहिण्यासारखे नाही. सध्या भिडले आहे ते एका जुन्याच खोडीला: डावा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, बाहेर गेला की उजवे कोपर बरगडी सोडून बाहेर येते आणि कूस उघडी पडते. उपाय म्हणून उजव्या काखेत घडी घातलेला छोटा टॉवेल धरून फक्त डाव्या हाताने फेरी करायची. सोमवारी पहिल्या फेरीत तो ११ वेळा पडला, बुधवारी ९ वेळा, आणि काल पुन्हा ११ वेळा.