लहान धावपट्टीवर उतरायचं की नाही, हे कधी ठरतं?

मोठ्या विमानतळावर पायलटची निम्मी काळजी दुसरं कुणीतरी वाहत असतं. आयएलएस ही रेडिओ यंत्रणा दिशा आणि उतार दाखवते, टॉवर वारा सांगतो, धावपट्टीवर कुत्रं शिरलं तर गाडी जाऊन त्याला हाकलते. तीन किलोमीटरच्या पट्टीत दोनशे मीटर उशिरा टेकलं तरी निभावतं. तालुक्याच्या गावाजवळच्या पट्टीवर मात्र बऱ्याचदा वाऱ्याची दिशा दाखवणारा एक कापडी विंडसॉक, रेडिओवर कुणीतरी एक माणूस आणि बाकी सगळं स्वतःच्या डोळ्यांवर. अशा ठिकाणी फायनलवर, म्हणजे पट्टीच्या सरळ रेषेतल्या शेवटच्या टप्प्यात, आल्यावर ‘बघू, जमतंय का’ म्हणणं फार उशिराचं असतं. कुठल्या आकड्याला परत फिरायचं हे निघण्याआधीच कागदावर असलं पाहिजे.

लांबीपासून सुरुवात करू. सेसना १७२ एस हे छोटं विमान घ्या. समुद्रसपाटी, २० अंश तापमान, वारा शून्य, कोरडी डांबरी पट्टी: ५० फुटांवरून येऊन थांबेपर्यंत विमानाच्या हँडबुकप्रमाणे साधारण १,३५० फूट लागतात. आता हेच विमान दख्खनच्या पठारावर २,००० फूट उंचीच्या पट्टीवर एप्रिलच्या दुपारी आणा. तापमान ४० अंश असेल तर हवेची घनता साधारण ५,५०० फुटांवरच्या हवेइतकी होते. वेगाच्या काट्यावर ६१ नॉट (तासाला ६१ नॉटिकल मैल) दिसतात, पण हवेतला खरा वेग ६६ च्या आसपास असतो. अंतर १,५०० फुटांच्या घरात जातं. त्यात सहा नॉट वारा मागून असेल तर हँडबुक दर दोन नॉटला दहा टक्के वाढवायला सांगतं, म्हणजे १,९५०. शिवाय हे आकडे नव्या विमानाचे आणि कसलेल्या टेस्ट पायलटचे. म्हणून ब्रिटिश नागरी विमान प्राधिकरण खासगी उड्डाणांना लँडिंगच्या अंतराला १.४३ ने गुणायचा सल्ला देतं. गुणा: जवळजवळ २,८०० फूट. विमान तेच, पायलट तोच आणि अंतर दुपटीहून जास्त.

यात हातून होणाऱ्या चुका अजून धरलेल्याच नाहीत. ६१ ऐवजी ६६ नॉटने आलात तर ऊर्जा १७ टक्के जास्त, आणि टेकण्याआधी विमान तरंगत जातं ते वेगळंच. पट्टीच्या तोंडावर दहा फूट जास्त उंच असाल तर तीन अंशांच्या उतारावर टेकण्याची जागा सुमारे दोनशे फूट पुढे सरकते.

डोळेही फसवतात. ४५ मीटर रुंद पट्टीची सवय असलेल्याला २३ मीटरची अरुंद पट्टी दिसली की आपण फार उंच आहोत असं वाटतं आणि तो नकळत खाली येतो. चढाची पट्टीही हाच भास करते, उताराची बरोबर उलटा. पापीचे, म्हणजे उतार बरोबर आहे का ते दाखवणारे, दिवे नसतील तर यावर उपाय हिशोबाचा: दर नॉटिकल मैलाला ३०० फूट. दोन मैलांवर ६००, एक मैलावर ३००. खाली उतरण्याचा दर म्हणजे जमिनीवरच्या वेगाची पाचपट. ६५ नॉटला मिनिटाला ३२५ फूट पुरतात. तोच उतार राखायला ४०० फूट लागत असतील तर मागून वारा ढकलतोय, रेडिओवर काहीही सांगितलेलं असो. विंडसॉक पाहण्यासाठी सर्किटच्या, म्हणजे उतरण्याआधी पट्टीभोवती घ्यायच्या फेरीच्या, उंचीपेक्षा ५०० फूट वरून पट्टी ओलांडावी. त्याच फेरीत गुरं, घारी, पट्टीवर वाळत घातलेलं धान्य, सगळं दिसतं. हा वेळ वाया गेला असं मानणाऱ्यांचं मला आश्चर्य वाटतं.

हिवाळ्यातल्या धुक्याबद्दल थोडं सविस्तर. नदीकाठच्या, उसाच्या पट्ट्यात सकाळी पातळ धुकं जमिनीला चिकटून असतं. डोक्यावरून जाताना त्या शंभर-दोनशे फुटांच्या थरातून पट्टी, विंडसॉक, उभ्या गाड्या सगळं स्वच्छ दिसतं. पायलट म्हणतो, दिसतंय की! मग तो फायनलवर येतो, तीन अंशांनी तिरका बघतो, आणि आता नजरेला तोच थर किलोमीटरभर जाडीचा लागतो. पट्टी पुसली जाते, तीही नेमकी विमान सर्वांत खाली आणि सर्वांत संथ असताना. व्हीएफआरला, म्हणजे डोळ्यांनी बाहेर बघून केलेल्या उड्डाणाला, १०,००० फुटांच्या खाली, पाच किलोमीटर दृश्यमानता लागते ती यासाठीच. ऊन वर आलं की हे धुकं बहुधा तास-दोन तासांत विरतं. म्हणून खरा उपाय आकाशात नाहीच, उड्डाण उशिरा ठेवण्यात आहे.

आणि इथेच वेळापत्रक आडवं येतं. २९ मार्च २००१ ला लॉस एंजेलिसहून कोलोरॅडोतल्या अॅस्पेनला गेलेलं गल्फस्ट्रीम ३ हे चार्टर विमान. प्रवासी उशिरा आले. डोंगरांनी वेढलेल्या त्या विमानतळावर सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने उतरण्यावर बंदी होती. विमान दुसरीकडे वळवू नये असा ग्राहकाच्या बाजूचा आग्रह होता. आधीची विमानं पट्टी न दिसल्याने परत फिरत होती. तरीही पट्टी न दिसता विमान ठरलेल्या किमान उंचीखाली आलं आणि डोंगराच्या कुशीत आदळलं. अठराही जण गेले. अमेरिकी तपास मंडळाने हातभार लावणाऱ्या कारणांत ग्राहकाचा दबाव स्पष्ट नोंदवला.

टेकण्याची जागाही आधीच ठरवायची असते. मोठ्या विमानांचा नियम: पट्टीचा पहिला तृतीयांश किंवा ३,००० फूट, यातलं जे कमी असेल त्याच्या आत टेकायचं, नाहीतर थ्रॉटल पुढे ढकलून परत वर. २२ मे २०१० ला मंगळुरूच्या टेबलटॉप, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या, पट्टीवर ८,०३३ फुटांपैकी ५,२०० फूट मागे पडल्यावर चाकं टेकली. सहवैमानिकाने तीनदा परत फिरायला सांगितलं होतं. १५८ माणसं गेली. ७ ऑगस्ट २०२० ला कोझिकोडला पाऊस, मागून १४ नॉट वारा, आणि ८,८५८ फुटांच्या पट्टीवर ४,४३८ फुटांवर स्पर्श. या पट्ट्या तशा लहान नव्हत्या. उशिरा टेकून त्या लहान झाल्या.

म्हणून ५०० फुटांवर स्वतःला विचारायचं: वेग ठरल्यापेक्षा पाच नॉटच्या आत आहे का, उतरण्याचा दर बरोबर आहे का, फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) पूर्ण उघडले आहेत का, नाक पट्टीच्या मधोमध आहे का? एकाचंही उत्तर ‘नाही’ असेल तर फुल थ्रॉटल, फ्लॅप लगेच २० अंशांवर, ६० नॉट, विमान चढायला लागल्यावर फ्लॅप १०, मग शून्य. फ्लॅप एकदम शून्यावर ओढले तर विमान खाली बसतं. उन्हाळ्यात चढ मंद असतो, तेव्हा ‘अजून जरा बघू’चं प्रत्येक सेकंद महाग. आणि जेट थांबवताना रिव्हर्स थ्रस्ट, म्हणजे इंजिनाचा उलटा जोर, उघडला की परत फिरण्याचा पर्याय संपला.

काही ठिकाणी तो पर्याय त्याहून आधी संपतो. नेपाळमधल्या लुकलाची पट्टी ५२७ मीटर, चढ जवळपास १२ टक्के, पुढे डोंगर. ८ ऑक्टोबर २००८ ला तिथे तोंडाशीच ढग आल्यावर एक ट्विन ऑटर हे छोटं प्रवासी विमान पट्टीच्या आधी आदळलं. १९ पैकी फक्त कॅप्टन वाचला. अशा ठिकाणी निर्णयाचा बिंदू दरीत, बराच आधी धरायचा असतो.

शेवटचा आकडा इंधनाचा. दोन प्रयत्न, मग पर्यायी विमानतळ, आणि तिथे उतरल्यावर दिवसा किमान तीस मिनिटं शिल्लक. पर्यायी विमानतळावर प्रवाशांसाठी गाडी निघण्याआधीच सांगून ठेवावी. पुढे रस्त्याने कसं जायचं हे ठरलेलं असलं की ‘वळूया’ म्हणताना पायलटची जीभ अडखळत नाही, आणि मागे बसलेले साहेबही कमी कुरकुरतात.