तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या घरी बातम्या का लागत नाहीत

हळदीकुंकवाला विचारतात, बँकेच्या रांगेत विचारतात, परवा पोराच्या शाळेत पालकसभेला पण एकीने विचारलं, "फौजीचं घर आणि तुमच्याकडे न्यूज चॅनेल लावत नाही म्हणे?" आजवर कधी हसून सोडून दिलं, कधी रिचार्ज संपलाय म्हणून सांगितलं. पण त्या 'म्हणे'च्या मागे जे असतं ना, की हिला नवऱ्याची काळजी नाही की देशाची नाही, ते आता सहन होत नाही म्हणून एकदाच लिहिते.

2025 च्या पहलगाम हल्ल्यापासून 10 मेच्या भारत-पाक युद्धबंदीपर्यंतचं सगळं तुम्हाला माहितीये, ते परत सांगत नाही. ह्यांचं पोस्टिंग तेव्हा जम्मूकडच्या राजौरीच्या बाजूला होतं. आता बदली झालीय म्हणून गावाचं नाव लिहिते, तेव्हा कुणालाच सांगितलं नव्हतं, घरात अण्णांना आणि मला फक्त माहीत. अण्णा म्हणजे सासरे, तोफखान्यातून रिटायर, 1999 ला कारगिलच्या लढाईत द्रासला बोफोर्स तोफेवर होते.

8 मेला संध्याकाळी ह्यांचा मेसेज आला, ठीक आहे, फोन बंद राहील, काळजी करू नको. तेवढंच. थोड्या वेळाने टीव्हीवर जम्मूचं काळं आभाळ आणि त्यात फुटणारे ठिपके दिसायला लागले, ब्लॅकआऊट झाला म्हणाले. इथवर सगळं खरं होतं आणि खरं होतं तोवर मी बघत पण होते, अण्णांच्या शेजारी बसून, भाकरी तव्यावर टाकून परत येऊन. मग रात्र चढत गेली तसं काय काय सांगायला लागले, कराची बंदर उडवलं, अमकं शहर घेतलं, स्टुडिओत माणसं उठून ओरडतायत, आणि मागे सतत सायरन. तो सायरन सातारच्या आमच्या हॉलमध्ये इतका मोठा वाजत होता की धाकटा आतून पळत आला आणि त्याने घरातले सगळे दिवे बंद केले. हवाई हल्ल्याच्या मॉक ड्रिलचे व्हिडिओ बघितले होते ना त्याने. अंधारात उभा राहून म्हणतो, मम्मी, मेणबत्ती पण नको लावू. नऊ वर्षांचं पोर. (10 तारखेला सरकारनेच चॅनेलवाल्यांना सांगितलं की कार्यक्रमात हा सायरन वाजवू नका.)

आणि मग ती पट्टी आली. राजौरीत सेनेच्या ब्रिगेडवर फिदायीन, म्हणजे आत्मघाती, हल्ला.

मी पट्टी परत वाचली. अण्णांनी आवाज वाढवला. मी ह्यांचा नंबर लावला, बंद. लागणार नाही हे माहीत असून लावला. आमच्या युनिटच्या बायकांचा ग्रुप आहे त्यात कुणी काही लिहीना, कारण लिहू नका असा निरोप होता, पण सगळ्याजणी ऑनलाइन दिसत होत्या, नावाखाली सगळ्यांच्या तेच, आणि ते बघून माझ्या पोटात गोळा आला, म्हणजे सगळ्यांनी वाचलंय. तेवढ्यात फोन सुरू झाले. मावशी, चुलत जाऊ, कुठली कुठली मैत्रीण, "बातमी बघितलीस का गं?" अहो बघितली, पण माझी लाइन तुम्ही अडवून धरलीये, तिकडून फोन आला तर? सख्ख्या बहिणीला मी त्या रात्री ठेव फोन म्हणून ओरडले आणि मला त्याचं अजून काही वाटत नाही.

अण्णा एकच म्हणत होते, ब्रिगेडच्या दारात असं कुणी घुसत नाही, माहितीये मला. पण म्हणताना नजर पट्टीवरच. आत्या, म्हणजे सासूबाई, देवापाशी नव्हत्या की रडत नव्हत्या, त्या धाकट्याला मांडीवर घेऊन पायरीवर बसल्या होत्या, टीव्हीकडे पाठ करून. मी उठले आणि सेटटॉप बॉक्सची वायर ओढून काढली. "लाव ते," अण्णा म्हणाले. मी नाही म्हटलं. लग्नाला चौदा वर्षं झाली, सासऱ्यांना तोंडावर नाही म्हटलं ते पहिल्यांदा.

नंतर कधीतरी रात्रीच फोनवर पीआयबीचा, म्हणजे सरकारच्या माहिती खात्याचा, खुलासा दिसला, कुठल्याही छावणीवर असा हल्ला झालेला नाही. म्हणजे ती बातमी खोटी होती. पण खोटी ठरेपर्यंतचा जो वेळ गेला त्यात माझ्या मनाने पुढचं सगळं बघून घेतलं होतं, कोण येणार, गाडी कुठपर्यंत येईल, पोरांना कोण सांगणार. ते परत नाही भरून देता येत कुणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ह्यांचा फोन आला, दोन मिनिटं. धाकट्याच्या रिझल्टचं विचारलं. मी फिदायीनचं काढलं तर म्हणाले, कुठं? त्यांना काही माहीतच नव्हतं.

तुम्ही म्हणाल मग नुकसान काय झालं. सांगते. 10 मेला सकाळी बातमी आली की पहाटेच्या तोफमाऱ्यात राजौरीचे अतिरिक्त जिल्हा विकास आयुक्त राजकुमार थापा गेले, आणि माझ्या तोंडून निघालं, खोटं असेल. ती खरी होती. घरात बसलेला माणूस गेला होता आणि त्याच्या मरणावर मी आधी विश्वास ठेवला नाही, कारण परवाच्या रात्री त्याच गावाचं नाव घेऊन मला फसवलं होतं. ह्याचा मला जितका राग आहे तितका त्या पट्टीचा पण नाही.

आता अण्णांचं म्हणणं पण लिहायला पाहिजे, कारण ते चूक आहेत असं मला म्हणता येत नाही. ते म्हणतात, बातमी नसती तर काय होतं ते तुझ्या सासूला विचार. विचारलं. कारगिलच्या वेळी आत्यांना 56 एपीओची, म्हणजे फौजेच्या टपालाची, पत्रं यायची, दहा-बारा दिवस जुनी. मी खुशाल आहे असं लिहिलेलं. आत्या आधी तारीख बघायच्या आणि मग त्या तारखेनंतर काय काय झालं ते गावात पेपर वाचणाऱ्याला विचारत फिरायच्या. खुशालीचं पत्र हातात असून झोप नाही. तेव्हा मी बारा वर्षांची होते, शेजारच्यांच्या टीव्हीवर बोफोर्स उडाली की टाळ्या वाजवायचे. त्या तोफेपाशी कुणाचा तरी माणूस उभा आहे हे कळत होतं का मला? कळत होतं, आमच्या भागात कुणाला कळत नाही, जवळच अपशिंगे मिलिटरी गावात पहिल्या महायुद्धात गेलेल्या 46 जणांचा स्तंभ आहे. तरी वाजवायचे. आणि 2019 ला, बालाकोटच्या हवाई हल्ल्याच्या वेळी, हे काश्मीरमध्येच असताना मीच रात्र रात्र चॅनेल बघत बसले होते, आणि जी जाऊ बघायची नाही तिला दगड म्हणाले होते. ती मी आज समोर आली तर तिला मी काय सांगू? ती म्हणेल, बघितल्याशिवाय जीव राहत नाही. खरंय की. मी पण टीव्ही बंद करून फोनवर बघतेच, बाथरूममध्ये जाऊन, पोरांना दिसू नये म्हणून. अण्णा देवळापलीकडच्या दुकानात जाऊन बघून येतात आणि जेवताना काही बोलत नाहीत. वायरवरून आमचं अजून मिटलेलं नाही.

तरी हॉलमध्ये बातम्या लागणार नाहीत, निदान धाकट्यासमोर नाहीत. आणि एक सांगते, परत कधी तसं काही झालं तर आम्हाला फोन करून "बघितलं का" असं विचारू नका. यायचं असेल तर घरी या, पोराला घेऊन जा थोडा वेळ खेळायला, पण लाइन मोकळी ठेवा.