दातांत धरलेली पट्टी

काल रात्री जेवणं आटोपल्यावर भाचीसोबत तरुण मुष्टियोद्ध्या मुलींवरचा माहितीपट बघितला. ठोसे फारसे आठवत नाहीत. आठवते ती सामन्याआधी वजन मोजायच्या दिवशी, आपल्या वजनगटात बसावं म्हणून उपाशी राहिलेली मुलगी आणि तिच्या हातावरची, ग्लोव्हजच्या आत गुंडाळायची, धुऊन धुऊन विरलेली पट्टी. टोक दातांत धरून एकटीच गुंडाळत होती. सामना ३ मिनिटांच्या ३ फेऱ्यांचा, पण त्याआधी घरचं पाणी भरून पहाटे मैदानावर! किती जीव तुटला माझा.

२०१२ ला लंडनमध्ये महिला बॉक्सिंग ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच आलं आणि शेतात राबणाऱ्या आईबापांच्या मेरी कोमने ५१ किलो गटात कांस्य आणलं, तेव्हा भाची जेमतेम दोन वर्षांची होती.

आज दांडिया बाजारातून जाताना जुम्मादादा व्यायाममंदिरापाशी तिने स्कूटर थांबवायला लावली. "मावशी, आपल्या बडोद्यात मुलींना बॉक्सिंग कुठे शिकवतात गं?"

उद्यापासून शोधायला लागतेय. कुणाला माहीत असेल तर नक्की सांगा.