लाल मांस शिजेस्तोवर: माझी जोधपूरची प्लेलिस्ट

ऑफिसच्या कामाने मागच्या वर्षी सहा महिने जोधपूरला होते, परत पुण्यात आले तर घरच्यांनी धरलंच, आता एकदा ते तिकडचं झणझणीत मटण, लाल मांस, करून घाल. मी म्हटलं करते, पण मटण शिजतंय तोवर गाणीही तिकडचीच लावायची. बोलून गेले आणि तीन आठवडे त्यात अडकले.

मुळात हे खूळ डोक्यात आलं ते मिरची वड्यामुळे. तिकडे बडा म्हणतात. जाड लांब मिरची, पोटात बटाट्याचं सारण, वरून बेसन. मी सांगलीची, तिखटाचा माज होताच, पहिल्याच दिवशी दही न घेता खाल्ला आणि जी उचकी लागली ती थांबेना. पाण्याची बाटली उघडतेय तर वडेवाला म्हणतो, "पानी नहीं बहनजी, दही खाओ. और हिचकी आ रही है तो कोई याद कर रहा होगा." मला त्या अवस्थेतही हसू आलं, आमची आज्जी अगदी हेच म्हणायची. (पाण्याचं मात्र तो खरं बोलला, मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही.) नंतर पंधरा दिवसांनी एका कार्यक्रमात मांगणियार, म्हणजे राजस्थानच्या वाळवंटातल्या पिढीजात गाणाऱ्या-वाजवणाऱ्या समाजातल्या गायकांनी 'हिचकी' नावाचं लोकगीत गायलं, माणूस लांब गेलाय, उचकी येतेय म्हणजे तो तिकडे आठवण काढतोय. तेव्हाच ठरलं, हे गाणं घ्यायचंच.

पहिली यादी केली ती साफ फसली. मी सगळी खडतालवाली गाणी भरली होती. खडताल म्हणजे लाकडाच्या चार पट्ट्या, एकेका हातात दोन, आणि वाजवणारा असला भन्नाट की हात दिसेनासे होतात. मला वाटलं तिखट म्हणजे हेच, सुसाट. तिसऱ्या गाण्याला बाबा बाहेरून ओरडले, "अगं वरात निघालीय का घरातून?" बरोबर होतं त्यांचं. तिखट असं पहिल्याच घासाला येत नाही ना, लाल मांसात पडते ती जोधपूरजवळच्या मथानियाची मिरची तर नाहीच नाही, आधी रंग दिसतो, मग लसूण लागतो, आणि आपण निवांत झालो की मागून कानशिलं गरम होतात.

मग यादी फोडली आणि रेसिपीच्या वेळेवर बसवली. मिरच्या गरम पाण्यात भिजत पडल्यात तेव्हा नुसता कमायचा. हे मांगणियारांचं गजाने वाजवायचं तंतुवाद्य, आंब्याच्या लाकडाचं, वर बकऱ्याचं कातडं, आवाज असा खरखरीत की घसा बसलेला म्हातारा गुणगुणतोय वाटतं. हमीरा गावच्या साकर खानांचं वादन घेतलं, 2012 ला पद्मश्री मिळालेले. तुपात कांदा-लसूण पडला की लंगांची (हाही तिकडचाच गाणाऱ्यांचा समाज) सिंधी सारंगी, मिरचीची पेस्ट आणि दही घालून परतायला घेतलं की तोंडात धरून वाजवायचं ते मोरचंग, आणि तूप सुटायला लागलं की मग खडताल सोडायची. त्या गर्दीत 2015 च्या 'जुनून' अल्बममधलं एक, कारण तो रेकॉर्डच झाला जोधपूरच्या मेहरानगढ किल्ल्यात, आणि त्यातले ब्रास वाजले की मला खाली पसरलेली ती निळी घरं दिसतात. शेवटी ताटं वाढताना दह्यासारखं काहीतरी हवं होतं, तिथे अल्लाह जिलाई बाईंचं मांडमधलं (राजस्थानी गायकीचा प्रकार) 'केसरिया बालम'. त्या बिकानेरच्या, पण वाळवंट तेच, आणि त्या आवाजापुढे जोधपूर-बिकानेर वाद कोण घालणार.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते शोधण्याने. 'निंबूडा' टाकलं की 1999 च्या सिनेमातलं येतं, मग त्याचे वीस रिमिक्स, आणि ज्यांच्याकडून हे गाणं आलं त्या मांगणियारांचं रेकॉर्डिंग कुठेतरी तळाला, गायकाच्या जागी नुसतं 'पारंपरिक'. अरे पारंपरिक असलं तरी गातंय कोण ते लिहा की! दोन-तीन ठिकाणी तर गायकाऐवजी बीट घालणाऱ्या डीजेचंच नाव. मी वहीत आवाजावरून जुळवत बसले, रात्री एक वाजता, हेडफोन लावून, कुणी सांगितलं होतं मला.

शेवटी 23 गाणी, एक तास बावन्न मिनिटं. 'हिचकी' एकविसाव्या नंबरला, म्हणजे जेवण सुरू झाल्यावर, तिखट चढलं की बरोबर लागेल असा हिशोब.

रविवारी सगळं वेळेवर चाललं होतं. कमायचा वाजतोय, मिरच्या वाटून झाल्यात, माझे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल. बाबा आत आले, वाटण नुसतं चाखून बघतो म्हणाले, तोंडात चमचा घातला आणि ठसका, आणि लगेच उचकी. एक, दोन, थांबेचना. गाणं यायला अजून तास-सव्वा तास होता आणि मला फोनला हात लावता येईना.

"आई, खाली जा, अजून खाली, ते एकविसावं दाब!"

आईने चष्मा शोधला, तो लावला, गाणं लावलं, आणि बाबांच्या हातात दह्याची वाटी देऊन विचारलं, "कोण हो आठवण काढतंय तुमची एवढी?"

'हिचकी' आता चौथ्या नंबरला आहे.