मातीत बुरशी आधीपासूनच होती

निफाडची थंडी गव्हाला मानवते. तरी आमच्या दीड एकराच्या तुकड्यात गहू दोन वर्षं रोगट दिसत होता. फुटवे कमी, पानांच्या मध्यावर फिकट पट्टे. मी दर वेळी डीएपी, म्हणजे मुख्यतः स्फुरदाचं खत, वाढवत गेलो.

दुसऱ्या वर्षी दुकानदाराने डीएपीबरोबर मायकोरायझाचं, म्हणजे पिकाच्या मुळांत राहणाऱ्या बुरशीचं, पाकीट लिंकिंगमध्ये गळ्यात मारलं. घेतलंच आहे तर वापरू म्हणून एकरी चार किलो टाकलं, जोडीला दीड गोणी डीएपी. काडीचा फरक पडला नाही. पैसे पाण्यात गेले म्हणून मी फार चिडलो होतो.

माझी पुतणी कृषी महाविद्यालयात शिकते. ती सुट्टीत आली तेव्हा तिने दोनच गोष्टी विचारल्या. "काका, आधीचं पीक कोणतं होतं? आणि माती कधी तपासली होती?" आधी कोबी होता, आणि माती कधीच तपासली नव्हती.

अहवाल आला. उपलब्ध स्फुरद (फॉस्फरस) 'अत्यंत जास्त', जस्त (झिंक) कमी. मग तिने समजावून सांगितलं. स्फुरद मातीत जागचं हलत नाही, आमच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत तर चुन्याशी बांधलं जातं. ही बुरशी मुळाच्या आत शिरते आणि तिचे धागे मुळांच्या पल्याड जाऊन स्फुरद आणि जस्त ओढून आणतात. बदल्यात पीक तिला साखर देतं. पण मुळांपाशी आयतं स्फुरद पडलेलं असलं की पीक बुरशीला थारा देत नाही. बुरशी नाही म्हणून जस्तही येत नाही. कोबी, फ्लॉवर, मोहरी या कुळातली पिकं तर तिला मुळात घेतच नाहीत. म्हणजे कोबीच्या बिवडावर, कोबी निघालेल्या रानात, दीड गोणी डीएपी टाकून मी बुरशीचं पाकीट ओतत होतो.

पुढच्या खरिपात तिथे सोयाबीन घेतलं आणि गव्हाचा हिशोब आधी कागदावर मांडला. वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हाची शिफारस हेक्टरी 120 किलो नत्र (नायट्रोजन), 60 किलो स्फुरद, 40 किलो पालाश (पोटॅश). एकरी धरलं तर 48, 24 आणि 16. अहवाल बघून स्फुरद निम्म्यावर आणलं: 12 किलो, म्हणजे 75 किलो सिंगल सुपर फॉस्फेट. अर्धं नत्र पेरणीला, त्यासाठी 52 किलो युरिया, आणि उरलेलं अर्धं पहिल्या पाण्यानंतर, तीन आठवड्यांच्या सुमारास. 27 किलो म्युरेट ऑफ पोटॅश. झिंक सल्फेट एकरी दहा किलो, पण ते सुपर फॉस्फेटात न मिसळता शेणखतातून वेगळं दिलं.

बुरशीनाशक लावलेलं बी टाळायचं ठरवलं. पण काजळी रोग बियातूनच येतो, म्हणून घरचं बी न वापरता बुरशीनाशक न लावलेलं प्रमाणित बियाणं आणलं. किलोला 25 ग्रॅम अॅझोटोबॅक्टर (नत्र मिळवून देणारं जिवाणू खत) आणि तेवढंच स्फुरद विरघळवणारं जिवाणू खत चोळून बी सावलीत सुकवलं. रासायनिक खत आधी पेरून घेतलं. मग दोन चाड्यांच्या पाभरीत, म्हणजे पेरायच्या अवजारात, एका चाड्यात बी आणि दुसऱ्यात गांडूळखतात कालवलेली बुरशी. जिवंत मूळ मिळालं नाही तर ती वाढतच नाही, त्यामुळे फोकून देण्यात अर्थ नव्हता. पुतणीच्या आग्रहाखातर चार सारे (वाफे) बुरशीशिवाय ठेवले, बाकी सगळं तेच.

मुकुटमुळं, म्हणजे खोडाच्या बुडाशी येणारी कायमची मुळं, फुटायच्या वेळी, विसाव्या दिवशी पाणी दिलं. वापसा आल्यावर, म्हणजे पाणी मुरून जमीन बेताची ओली राहिल्यावर, उरलेला युरिया टाकला. फुटवे या वेळी डोळ्यांत भरत होते.

पंचेचाळिसाव्या दिवशी दोन्हीकडची मुळं हलक्या हाताने उपटून, धुऊन पुतणीने कॉलेजात नेली. मीही बरोबर गेलो. तिने ती कॉस्टिक पोटॅशच्या (खताचं पोटॅश नव्हे) द्रावणात शिजवली, काचेसारखी पारदर्शक झाल्यावर शाई मिसळलेल्या व्हिनेगरात ठेवली. सूक्ष्मदर्शकात डोळा लावला आणि मुळाच्या पेशींत बुरशीची निळी झाडं दिसली. खोड, फांद्या, फांद्यांना आणखी बारीक फांद्या. मधूनमधून निळे गोल फुगे. मी किती वेळ बघत होतो कोण जाणे.

मग तिने दुसरी काच लावली, बुरशी न टाकलेल्या साऱ्यातली. तिथेही निळी झाडं होती! थोडी विरळ, पण होती. "काका, ही आपल्याच मातीतली," ती म्हणाली. सोयाबीनच्या मुळांवर ती वाढली होती, आणि स्फुरद कमी केल्यावर गव्हाने तिला आत घेतलं होतं.

मळणीला एकरी सोळा क्विंटल गहू झाला; आधीची दोन वर्षं बारा-तेरावर अडकलो होतो. बुरशी न टाकलेल्या चार साऱ्यांची रास वेगळी तोलली, ती थोडीच कमी भरली. म्हणजे मोठा फरक खताच्या हिशोबाने आणि बिवडाने पडला, पाकिटाने त्यात थोडी भर घातली.

यंदा सोयाबीनच्या रानात पाकीट घेणार नाही. खालच्या वावरात फ्लॉवर निघालाय, तिथे मात्र घेणार आहे. त्या रानाची माती परवाच तपासायला दिली.