घाडग्यांची पलटण शोधताना : मोंतोने आणि कसीनो

मुंबई-गोवा रस्त्यावर माणगावला गाडी अडकली नाही असं सहसा होत नाही. त्या गर्दीत मामा दर वेळी एकच वाक्य बोलतात, "कचेरीत घाडगे उभे आहेत." तहसील कचेरीच्या आवारात नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. तालुक्यातल्याच पळसगावचा हा माणूस दुसऱ्या महायुद्धात वयाच्या बाविसाव्या वर्षी इटलीत लढताना पडला आणि त्याला व्हिक्टोरिया क्रॉस (व्हीसी) हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. मामा मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेत. "ते ठिकाण एकदा बघायचं" हे त्यांचं वीस वर्षांचं म्हणणं. गेल्या जुलैत आम्ही गेलो. तुम्हालाही जायचं असेल तर आमचे घोटाळे वाचून जा.

आधी पलटणीचं सांगतो, कारण ती कुठली हे कळल्याशिवाय या प्रवासाला चव नाही. घाडगे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे, म्हणजे पलटणीचे, लष्करी भाषेत ३/५ मराठा. आज बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरमध्ये जाऊन "तिसरी मराठा कुठे आहे?" असं विचारलंत तर ती यादीत सापडणार नाही. पहिली आहे, दुसरी आहे, मग एकदम चौथी. मामांनी नोकरीत असताना हे ऐकलं होतं, पण तिसरीचं पुढे काय झालं ते नीट माहीत नव्हतं. ते सगळं आम्ही विमानात जुळवत बसलो.

ही पलटण १७९७ ची, मुंबई फौजेतली. पहिल्या महायुद्धात तिचं नाव ११० वी मराठा लाइट इन्फंट्री होतं. सहाव्या म्हणजे पुणे डिव्हिजनबरोबर ती बसऱ्याकडून वर सरकत गेली आणि इराकमधल्या कूट-अल-अमारात तुर्कांच्या वेढ्यात सापडली. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, जवळपास पाच महिने. शेवटी घोडे कापून खायची वेळ आली आणि आपल्याकडच्या बऱ्याच जवानांनी ते मांस बरेच दिवस तोंडात घातलं नाही. शरणागतीनंतर कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं, त्यात किती तरी गेले. तरी पलटण पुन्हा उभी राहिली. १९२२ च्या फेररचनेत तिला ३/५ हा आकडा मिळाला. १९४१ मध्ये एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरांवर ती इटालियनांशी लढली, तेव्हा तिचे कमांडिंग ऑफिसर होते डेनिस रीड. हे रीड पुढे वाळवंटातल्या लढाईत पकडले गेले, इटलीतल्या कैदेतून निसटले, आणि १९४४ मध्ये इटलीतच दहाव्या भारतीय डिव्हिजनचे प्रमुख म्हणून परत आले. त्यांच्या हाताखाली त्यांचीच जुनी ३/५ होती. मामांना घाडग्यांच्या खालोखाल हीच गोष्ट आवडली. "सीओ साहेब जनरल होऊन पलटणीला परत भेटले म्हणजे काय झालं असेल!" असं ते तीनदा म्हणाले.

आता मोंतोने, म्हणजे घाडगे जिथे पडले ते ठिकाण. मध्य इटलीतल्या उम्ब्रिया प्रांतात, पेरुजियाच्या उत्तरेला गाडीने पाऊण तासावर, टेकडीच्या डोक्यावर बसलेलं तटबंदीचं गाव. खाली तिबेर नदीचं खोरं. रोममधून वाहते तीच नदी, इथे मात्र अगदी लहान. जुलै १९४४ मध्ये जर्मन याच खोऱ्यातून एकेक टेकडी लढवत उत्तरेकडे मागे सरत होते.

रोम ते पेरुजिया रेल्वेने जाता येतं. बहुतेक गाड्यांना फोलिन्यो किंवा तेरोंतोला इथे बदल करावा लागतो. पेरुजियाहून चिता दि कास्तेल्लोकडे जाणाऱ्या लहान लाइनवर उम्बेर्तिदे नावाचं स्टेशन आहे, मोंतोनेला तेच जवळचं. पुढे बस आहे, पण ती शाळेच्या वेळा बघून धावते. जुलैत शाळांना सुट्टी, हे आमच्या डोक्यातच आलं नाही. स्टॉपवर पाऊण तास उन्हात उभे राहिलो, शेवटी समोरच्या कॅफेवाल्या बाईंनी फोन करून टॅक्सी बोलावून दिली. तेव्हा एक तर टॅक्सीचे पैसे धरून चाला, नाही तर पेरुजियाहून गाडी भाड्याने घ्या. आपल्या लायसन्सबरोबर इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट लागतं. ते भारतातूनच, आपल्या आरटीओतून काढून न्यावं लागतं, तिथे मिळत नाही. जुन्या गावांच्या वेशीवर लाल गोलाची पाटी आणि 'झोना ट्राफिको लिमिटातो' अशी अक्षरं दिसली की गाडी आत घालू नका. कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड काही महिन्यांनी घरी येतो. माझ्या एका मित्राला ठाण्यात आला, वर गाडी देणाऱ्यांनी आपली फी लावली ती वेगळीच.

मोंतोनेत गाडी तटाबाहेर ठेवायची आणि चढायचं. चढ खडा आहे, दगडी फरशी गुळगुळीत आहे. मामांचे गुडघे बोलायला लागले तेव्हा आम्ही तटाला टेकून बसलो, आणि नकळत योग्य जागी बसलो. समोर सगळं खोरं उघडं होतं. सूर्यफुलांची शेतं, मध्ये झाडांच्या रांगा, आणि पलीकडे एकापाठोपाठ एक उतार. मला ते कॅलेंडरवरचं चित्र वाटत होतं. मामा मात्र डोळे बारीक करून बघत होते. "आडोसा बघ ना कुठंय. खालून वर यायचं, आणि वर बसलेल्याला सगळं दिसतंय. त्या दोन घरांपाशी एक एमजी (मशीनगन) लावली की झालं. पूर्ण कंपनी झोपली."

१० जुलै १९४४ ला झालं ते थोडंफार असंच. घाडग्यांचा सेक्शन, म्हणजे त्यांची छोटी तुकडी, अगदी जवळून मशीनगनच्या माऱ्यात सापडला. सेक्शन कमांडर म्हणजे स्वतः घाडगे सोडून बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले. मागे सरायला कुणी नाव ठेवलं नसतं. ते एकटेच गनकडे धावले. आधी ग्रेनेड टाकला, त्यात गन आणि ती चालवणारा दोन्ही संपले. मग टॉमीगनने, म्हणजे हातातल्या छोट्या मशीनगनने, एकाला मारलं. मॅगझिन रिकामं झालं आणि नवं चढवायला वेळ नव्हता, म्हणून टॉमीगन नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. तेवढ्यात शत्रूच्या स्नायपरांनी त्यांच्या छातीत आणि पाठीत गोळ्या घातल्या. पदकाच्या मानपत्रात हे चार-पाच ओळींत आहे. मामांनी ते मला मोठ्याने वाचायला लावलं आणि 'मॅगझिन' या शब्दावर थांबवलं. "टॉमीगन तापल्यावर नळी हातात धरता येत नाही रे. हात भाजतो." यावर मला काही बोलायला सुचलं नाही.

पदक त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी व्हाइसरॉय वेव्हेल यांच्या हातून घेतलं. त्या प्रसंगाचा फोटो मिळतो. जायच्या आधी तो शोधून बघाच.

मोंतोनेत २०२३ च्या जुलैत घाडग्यांचं स्मारक झालं. तिथल्या नगरपालिकेने आणि इटलीतल्या लष्करी इतिहासाच्या अभ्यासकांनी पुढाकार घेतला. स्मारक म्हणजे सूर्यघड्याळ आहे. त्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय, 'ओम्नेस सुब एओदेम सोले', सगळे एकाच सूर्याखाली. गावात इंग्रजी बेताचंच, पण 'मेरिडियाना' (सूर्यघड्याळ) आणि 'इंडियानो' (भारतीय) एवढे दोन शब्द म्हटले की लोक वाट दाखवतात. दुपार व्हायच्या आत जा, आणि आभाळ भरून आलं असेल तर थांबा. सूर्यघड्याळ ढगाखाली नुसता दगड असतो. मामांनी लगेच मनगटावरचं घड्याळ ताडून पाहिलं. घड्याळात साडेअकरा, सावली मात्र सव्वादहाच्या आसपास. "बिघडलंय," म्हणाले. बिघडलं नव्हतं. उन्हाळ्यात इटलीची घड्याळं एक तास पुढे करतात, वर जागेच्या रेखांशाचा फरक. सूर्य सरकारी वेळ पाळत नाही एवढंच. माणगावात तेव्हा दुपारचे तीन वाजत होते.

खाण्याचं. दुपारी अडीचनंतर स्वयंपाकघरं बंद होतात ती संध्याकाळी सात-साडेसातपर्यंत, हे लक्षात ठेवा. शाकाहारी असाल तर या भागात हाल नाहीत. 'तोर्ता अल तेस्तो' मागा. जाड तव्यावर भाजलेली बिनयीस्टची चपटी भाकरीच ती, मधे चिरून चीज किंवा पालेभाजी भरतात. मामांनी नुसतीच मागवली आणि पिशवीतली शेंगदाण्याची चटणी काढली. वाढणाऱ्या मुलीने चव घेतली, डोळ्यांत पाणी आलं तरी आणखी मागून घेतली. पाणी विकत घेऊ नका. गावाच्या चौकातल्या नळावर 'आक्वा पोताबिले' (पिण्याचं पाणी) लिहिलेलं असेल तर बाटली भरून घ्या.

चिता दि कास्तेल्लो आम्ही वाटेत धावतच पाहिलं, त्यावर लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

मोंतोने बघून परत फिरलात तर अर्धंच बघितलंत. घाडग्यांची ज्ञात कबर नाही. इटलीच्या मोहिमेत पडलेले आणि ज्यांची कबर सापडत नाही असे राष्ट्रकुलाचे चार हजारांहून अधिक सैनिक कसीनो गावातल्या स्मारकावर कोरलेत, त्यांत घाडग्यांचं नाव आहे. कसीनो रोमच्या दक्षिणेला, लोकल गाडीने दीड-दोन तास. हे स्मारक युद्धस्मशानात, म्हणजे सैनिकांच्या दफनभूमीत आहे, स्टेशनपासून चालत वीसेक मिनिटं. वाटेत सावली नाही, टोपी घ्या. वर डोंगरावरचा मठ पाहायचा असेल तर तो वेगळा अर्धा दिवस.

एक गोष्ट आधी समजून घ्या, नाही तर आमच्यासारखे गोंधळाल. आपल्या जवानांची नावं एका जागी नाहीत. मुसलमान आणि ख्रिस्ती जवान कबरीत आहेत. हिंदू आणि शीख जवानांचं जिथे रीतसर दहन झालं, त्यांची नावं दहनस्मारकांवर आहेत. उत्तरेला फोर्लीत मोठं आहे, तिथलं स्मशान तर खास भारतीय सैन्याचंच. आणि ज्यांचं काहीच सापडलं नाही ते कसीनोत. तुमच्या घरातलं कुणी इटलीत गेलं असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या वेबसाइटवर नाव टाकून आधी स्मारक आणि फलकाचा क्रमांक काढून ठेवा. आडनावाचं स्पेलिंग तीन-चार तऱ्हांनी टाकून पाहा. कारकुनाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं उतरलंय. पलटण माहीत असेल तर काम पटकन होतं, कारण नावं रेजिमेंटप्रमाणे लावलेली आहेत.

हाताशी दोन दिवस जास्त असतील तर फोर्ली आणि तिथून सेनिओ नदीचा बांध बघा. ९ एप्रिल १९४५ ला पहिल्या बटालियनचे नामदेव जाधव, निमजचे, यांनी तिथे जखमींना खांद्यावरून बांधापार आणलं, मशीनगनची ठाणी बंद पाडली, आणि मग बांधावर चढून मराठ्यांची गर्जना देत मागच्या कंपन्यांना पुढे बोलावलं. तेही व्हीसी, आणि ते घरी परत आले. आमचं ते राहिलं. मामांना अजून खंत आहे.

कसीनोत मराठा रेजिमेंटच्या फलकापाशी आम्ही तासभर होतो. हिरवट संगमरवर, त्यावर रोमन लिपीत शिंदे, मोरे, सावंत. मामा बोट फिरवत एकेक नाव मोठ्याने वाचत गेले, हजेरी घेतात तसं. घाडगे आले तेव्हा वेगळं काही केलं नाही, पुढच्या नावावर गेले.

सावलीत बसल्यावर तिसरीचं उरलेलं सांगून झालं. महायुद्धानंतर ती छत्रीधारी, म्हणजे विमानातून पॅराशूटने उतरणारी पलटण झाली. १९४८ च्या १८ मार्चला ब्रिगेडियर उस्मान यांच्या ५० पॅरा ब्रिगेडने जम्मू-काश्मीरमधलं झांगर परत घेतलं, त्यात हीच पलटण होती, ३ पॅरा मराठा या नावाने. १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंट उभी राहिली आणि तिचं नाव बदलून २ पॅरा झालं. ११ डिसेंबर १९७१ ला दुपारी बांगलादेशात टांगाईलजवळ जे छत्र्यांनी उतरले आणि पुंगली पूल धरला, ते हेच. आणि जमालपूर घेऊन जमिनीवरून त्यांना येऊन मिळाली ती पहिली मराठा, जाधवांची पलटण. इटलीतल्या दोन व्हीसींच्या दोन पलटणी एका पुलावर भेटल्या. त्यातल्या किती जवानांना हे माहीत होतं कोण जाणे. मामा म्हणाले, "पहिलीवाल्यांनी चिडवलं असणार, विमानातून येऊनही थांबलात आमच्यासाठी."

स्मशानाच्या दाराशी भिंतीत एक लहान कप्पा असतो, त्यात नावांचं पुस्तक आणि भेट देणाऱ्यांची वही. पेन आपलं न्या, तिथलं चालत नव्हतं. तारीख, नाव, देश, अभिप्राय असे रकाने. मामांनी विचारलं, "पलटण कुठे लिहायची?" तसा रकाना नव्हता. त्यांनी अभिप्रायात मराठीतच लिहिलं, "३/५ मराठा. हल्ली २ पॅरा." खाली आपला नंबर, हुद्दा आणि सही. मग आम्ही स्टेशनकडे निघालो, कारण पुढची गाडी चुकली असती तर तासभर फलाटावर बसावं लागलं असतं.